तिसरा खड्डा

आमचे दाजी, खलफल्ला मुकादम, आयुष्यात एकदाच खोटं बोलले. त्या खोट्याचा साक्षीदार मी एकटा, आणि खरं सांगायचं तर कारणही मीच. एक्केचाळीस वर्षं आम्ही दोघांनी ते पोटात ठेवलं. शेवटी दाजींनीच ते चारचौघांत ओकून टाकलं, तेव्हा आता मला कोणाची भीती? कुफ्तच्या कॉफीच्या दुकानात मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की लोक माझ्या आधीच पुढचं वाक्य बोलतात.

कुफ्त हे आमचं गाव, दक्षिणेकडचं. शेतं आहेत, खजूर आहे, पण गावाचा नावाजलेला धंदा खणण्याचा. विहिरी नव्हेत, जुनी थडगी, देवळं, पिरॅमिड. इजिप्तात कुठेही जुनं काही उकरायचं असलं की मुकादम आमच्या गावातून नेतात, आणि हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. थंडी पडली की गावातले कितीतरी पुरुष आगगाडीत बसून उत्तरेला कैरोजवळच्या सक्काऱ्याच्या वाळूत जातात आणि उन्हं तापायला लागली की परततात. आमच्या बायका म्हणतात, बरं आहे बाई, निम्मं वर्ष नवरा, निम्मं वर्ष निवांत.

दाजी उंच, खांद्यात जरा वाकलेले, डोक्याला पांढरं मुंडासं. शाळेत ते दोनच दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या कोंबड्या राखायला लावलं म्हणून पळून आले. माझ्या चार इयत्ता झालेल्या. तेव्हा पत्र वाचायचं असलं की ते मला हाक मारत, आणि वाळू वाचायची असली की मी त्यांना. वाळूच्या दोन जाती, असं ते सांगत. एक वाऱ्याची वाळू, एक माणसाची वाळू. वाऱ्याची वाळू तळहातावर चोळली की नुसती घरंगळते. माणसाची वाळू टोचते, कारण तिच्यात दगडाचे कपचे असतात, कोळशाचा कण असतो, खापराचा तुकडा असतो. "माणूस जिथे बसला," ते म्हणत, "तिथे त्यानं काहीतरी सांडलंच."

एकदा कैरोहून एक इंजिनियर यंत्र घेऊन आला. यंत्र जमिनीवरून फिरवलं आणि उड्याच मारायला लागला. "खाली पोकळी आहे! नक्की खोली आहे!"

दाजी गुडघ्यांवर बसले, जमिनीला नाक लावलं आणि म्हणाले, "खोली आहे खरी, साहेब. पण भाडेकरू घरात आहे."

खणलं तर कोल्हीण आणि तिची तीन पिल्लं! इंजिनियर पुन्हा आला नाही. कोल्हीण मात्र दर वर्षी यायची.

तर, त्या खोट्याकडे येतो. खणलं की माती निघते आणि ती कुठेतरी टाकावी लागते. दर वर्षी तिथेच टाकून टाकून तिची टेकडी होते. तिच्याखाली एखादी जुनी वस्तू असली तर ती गेलीच म्हणायची. म्हणून आमच्यात एक रीत आहे. ढिगाची जागा ठरली की मुकादमानं तिथे तीन खड्डे घ्यायचे, थेट कातळ लागेपर्यंत. प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरायचं, वहाणा काढायच्या, कातळावर अनवाणी उभं राहायचं आणि वर ओरडून सांगायचं, "पायाखाली कातळ!" मग वरचा साहेब वहीत लिहितो, जागा कोरी. सही नाही, अंगठा नाही. मुकादमाचा शब्द, बस्स. त्या शब्दावर पुढच्या पिढ्या तिथे फावडं लावत नाहीत.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी आम्ही सक्काऱ्याला एका राणीचं थडगं खणत होतो. काम एका म्हाताऱ्या प्रोफेसरांचं होतं. थडग्याच्या दक्षिणेला ढिगाची जागा ठरली. दोन खड्डे कातळापर्यंत गेले, काही निघालं नाही. तिसरा चालू होता, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं खलफल्लाला कुफ्तला निघायचं होतं, कारण परवा त्याचं लग्न होतं. माझ्या बहिणीशी, सत्तूताशी. नवरदेवाला वेळेवर हजर करायची जबाबदारी बापानं माझ्या गळ्यात घातलेली. आणि सत्तूतानं घरात सांगून ठेवलेलं, "एक दिवस जरी उशिरा आला तरी मी दाराला आतून कडी घालीन." ती घालेलच, याबद्दल आमच्या घरात कोणालाही शंका नव्हती.

मी खड्ड्याच्या काठावर जाऊन ओणवा झालो. तेव्हा अजून दाजी व्हायचे होते, म्हणून अरेतुरे चालायचं.

"झालं का रे?"

"दोन पुरुष खोल आलो," खालून आवाज आला. "सगळी वाऱ्याची वाळू."

"मग चल वर!"

"कातळ लागला नाही अजून."

"अरे, दोन खड्डे कोरे निघाले, तिसऱ्यात काय राजा बसलाय? गाडी चुकेल! माझ्या बहिणीला तू ओळखत नाहीस."

तेवढ्यात प्रोफेसर वही घेऊन आले. "काय मुकादम?"

खलफल्लानं वर माझ्याकडे पाहिलं, मग खड्ड्याच्या भिंतीवर चढत चाललेल्या सावलीकडे. मग खाली वाकून त्यानं वहाणा काढल्या, वाळूवर उभा राहिला आणि ओरडला, "पायाखाली कातळ!"

आम्ही असे पळालो की त्याची टोपलीही खाली राहिली. गाडी मिळाली. लग्न झालं. कडी लागली नाही. आणि चार दिवसांनी रुळावरच्या ढकलगाड्या त्या जागेवर माती ओतायला लागल्या.

वर्षं गेली. ढिगाची टेकडी झाली. तिच्या माथ्यावर वारा चांगला लागतो म्हणून आम्ही तिथे चहाची झोपडी बांधली. दाजी मात्र चहा खालीच उभे राहून प्यायचे. "गुडघे दुखतात," म्हणायचे. गुडघे कुठले! त्याच गुडघ्यांनी ते दिवसातून वीस वेळा शिडी चढायचे.

त्या राणीच्या थडग्यातल्या दगडी दारावर अक्षरं कोरलेली होती. प्रोफेसरांनी ती आम्हाला वाचून दाखवली होती. राणी अमुक राजाची आई, आणि त्या राजाच्या पिरॅमिडचं नाव 'त्याचं आयुष्य टिकून आहे'. गंमत ही, की हा पिरॅमिड कोणी पाहिलेलाच नाही. आईच्या दारावर नाव आहे, वाळूत पत्ता नाही.

"नाव बघा आणि कर्म बघा," दसूकी म्हणायचा. हा दसूकी तिथलाच, सक्काऱ्याचा टोपलीवाला, जिभेला हाड नाही. "टिकून आहे म्हणे! माझ्या सासऱ्याची मोटार पण अशीच टिकून आहे. फक्त दिसत नाही."

राजाचं खरं नाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला 'आईचा लेक' म्हणायला लागलो. टोपल्या वाहताना गाणं म्हणायचं काम माझं. मी सुरू करायचो, "आईच्या लेका, घर तुझं कुठं?" आणि साठ माणसं मागून, "हेला होब! हेला होब!"

प्रोफेसर गेले. त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर इनास त्यांच्या जागी आली. अलेक्झांड्रियाची, बारीक, आवाज मोठा, आणि चहात चार चमचे साखर. सरकारी परवान्याचा तो शेवटचा हंगाम होता. त्यात काही दाखवता आलं नाही तर काम बंद. सात आठवडे उरले असताना एका साध्या पुजाऱ्याचं छोटं थडगं लागलं. त्याचं काम थडग्यांच्या दारी पाणी ओतायचं. डॉक्टरबाई दगडावर बसून भिंतीवरचं वाचायला लागल्या आणि वाचता वाचता उठून उभ्या राहिल्या.

"मी आईच्या दारी पाणी ओतलं. मग दक्षिणेला चालत लेकाच्या दारी गेलो, आणि घड्यातलं पाणी तेव्हाही गारच होतं."

एकदम कल्ला झाला! म्हणजे लेक जवळच! फार तर हाकेच्या अंतरावर, आईच्या दक्षिणेला! साठच्या साठ माणसांनी दक्षिणेला पाहिलं. तिथे आमचा ढीग उभा होता, वर चहाची झोपडी.

डॉक्टरबाईंनी जुनी वही उघडली. बोट फिरवलं आणि मान हलवली. "इथे नसणार. ढिगाखालची जमीन कोरी आहे. तिन्ही खड्डे आपल्या खलफल्ला मुकादमांनीच पाहिलेत." दाजींकडे बघून त्या मायेनं हसल्या. "म्हणजे प्रश्नच मिटला. ढिगाच्या पलीकडच्या उतारावर बघू."

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी नुसती मान खाली घातली.

दोन आठवडे उतारावर खणलं. वाऱ्याची वाळू, आणखी वाऱ्याची वाळू. दाजी जेवेनात. बहिणीनं पाठवलेला उन्हात फुगवलेला पाव फडक्यात तसाच वाळायला लागला. मी त्यांना बाजूला घेतलं.

"दाजी, ढिगाखालीही काही नसेल. कशाला जीव जाळता?"

"नसेलच," ते म्हणाले. "पण माझ्या पायाखाली कातळ नव्हता, बखीत."

"मग सांगून टाका."

"कसं सांगू? या वाळूत अकरा ढीग माझ्या शब्दावर उभे आहेत. एक खोटा म्हटला की अकराही खोटे. आणि मग उद्या कुफ्तच्या कुठल्याही माणसाचा शब्द कोण घेईल?"

गाडी चुकेल म्हणून ओढणारा तर मीच.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी सत्तूताचा फोन यायचा. दाजींना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवायचे, तेव्हा सगळं मला ऐकू आलं. एरवी ते विचारायचे, म्हशीनं दूध दिलं का. त्या दिवशी त्यांनी म्हैस सोडली आणि खड्डा सांगितला.

मग ती म्हणाली, "म्हणजे एक्केचाळीस वर्षं मी बायकांना सांगत फिरतेय की माझा नवरा वेळेचा पक्का, आणि तू काम अर्धं टाकून आला होतास?"

"गाडी चुकली असती. तू कडी घालणार होतीस."

"ते बाबांना घाबरवायला म्हटलं होतं रे, वेड्या! महिन्यानं आला असतास तरी दार उघडंच होतं."

दाजींनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू तो खोटं बोलतोय.

"ऐक, अबू नसीफ," ती म्हणाली. म्हणजे नसीफचे बाबा; नसीफ त्यांचा थोरला. "तो खड्डा पुरा कर. लोक काय बोलायचं ते बोलतील. अर्धा टाकून आलास तर मात्र या खेपेला खरंच कडी. आणि बखीत तिथेच कान लावून बसला असेल, त्याला म्हणावं, तू तर येऊच नकोस."

शनिवारी सकाळी हजेरी झाली. साठ माणसं ओळीत. दाजी पुढे गेले, वहाणा काढल्या आणि मुकादमाची काठी वाळूत रोवली.

"डॉक्टरबाई, त्या वहीत एक ओळ खोटी आहे. ती माझी."

आणि सगळं सांगितलं. लग्न, गाडी, वाळूवर उभं राहून कातळ म्हटलेलं. कुठे काही झाकलं नाही. फक्त माझं नाव घेतलं नाही. तेवढंच मला सहन झालं नाही. मी ओळीतून ओरडलो, "ओढणारा मी होतो! मलाही त्यात धरा!"

"बघा रे, हे सईदी!" दसूकी म्हणाला. दक्षिणेकडच्या आम्हा लोकांना तिथे सईदी म्हणतात आणि आमच्यावर विनोद करतात. "लग्नाच्या घाईत राजा गाडून आले!"

सगळे हसले. दाजी हसले नाहीत, आणि डॉक्टरबाईही नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"बाकीचे दहा ढीग?"

"कातळावर उभा होतो. विश्वास नसेल तर दहाही माझ्या हातानं उपसतो. मरेपर्यंत उपसतो."

डॉक्टरबाईंनी वही मिटली, ढिगाकडे पाहिलं, बोटांवर आठवडे मोजले. पाच. "एकच उपसा," त्या म्हणाल्या. काठीला त्यांनी हात लावला नाही. ती तिथेच रोवलेली राहिली. दाजींनी खाली पडलेली एक टोपली उचलली आणि टोपलीवाल्यांच्या ओळीत सगळ्यांत शेवटी जाऊन उभे राहिले. सत्तरी जवळ आलेला माणूस!

असं काम मी जन्मात पाहिलं नाही. जी माती आम्हीच टाकली ती आम्हीच उचलत होतो, नव्यापासून जुन्याकडे. आधी प्लास्टिकच्या बाटल्या निघाल्या, मग बॅटरीचे सेल, मग बिस्किटांचे डबे, चहाचे फुटके पेले. एके दिवशी माझी एक वहाण निघाली, एकोणतीस वर्षांपूर्वी हरवलेली. त्या वेळी मी तिच्यापायी दसूकीच्या बापाशी भांडलो होतो.

"डॉक्टरबाई, लिहून घ्या," दसूकीनं ती काठीवर उंच धरली. "बखीत घराण्याचा काळ. वहाण एक, डावी. माझा बाप निर्दोष!"

आणि एक सांगायचं राहिलं. याच दसूकीनं तिसऱ्या दिवसापासून दाजींच्या टोपलीत अर्धीच माती भरायला सुरुवात केली. दाजींच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी टोपली खाली आपटली. "भर पुरती!"

"काका, टोपली फाटकी आहे, पुरती भरली तर सांडेल," दसूकी म्हणाला. टोपली अगदी नवी होती. दाजींनी ती उचलून खांद्यावर घेतली. गाणं मी चालूच ठेवलं होतं, त्या दिवशी जरा मोठ्यानं म्हटलं.

चौथा आठवडा संपता संपता जुनी जमीन लागली. तिच्यावर तीन गोल डाग स्पष्ट दिसत होते, खड्डे बुजल्यावर माती जरा काळपट राहते तसे. दाजी तिसऱ्यात उतरले. दुसऱ्या कोणाला उतरू देईनात. दुपारपर्यंत खाली गेले आणि तळाशी त्यांना त्यांची टोपली सापडली, खजुराच्या पातीची, हात लावताच भुगा झाली. तिथून पुढे ते हातानं उकरायला लागले. आम्ही काठावर ओणवे.

एक वीत. दोन वीत. मग त्यांनी मूठभर वाळू घेतली, तळहातावर चोळली आणि थांबले.

"काय झालं, दाजी?"

"टोचते," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला वाटलं हाताला जखम झाली.

खाली पांढरेशुभ्र कपचे होते. पाथरवटाची छिन्नी चालली की उडतात तसे, धारदार, गुडघाभर जाडीचा थर. त्याच्याखाली कातळ लागला, आणि तो कातळ वेडावाकडा नव्हता. सरळ रेषेत कापलेला होता, सुतारानं फळीची कड मारावी तसा. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दाजी त्या कपच्यांपासून दोन विती वर उभे होते!

डॉक्टरबाई शिडीनं उतरल्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत चुन्यासारखी धूळ होती. "हा पिरॅमिड आहे असं मी म्हणणार नाही," त्यांनी सगळ्यांना बजावलं, पण म्हणताना त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. "इतकंच म्हणेन, की एवढे कपचे कोणी घराच्या भिंतीसाठी पाडत नाही. इथे कोणीतरी फार मोठं काम काढलं होतं."

"म्हणजे लेक घरात आहे?" दसूकीनं विचारलं.

"अंगणापर्यंत आलोय कदाचित. दार पुढच्या हंगामात."

पुढचा हंगाम! परवाना वाढवायला एवढं पुरेसं होतं. साठ माणसांनी जो गलका केला त्यानं माळावरची सगळी गाढवं ओरडायला लागली. वहीत डॉक्टरबाईंनी जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली आणि दाजींच्या सांगण्यावरून दोनदा वाचून दाखवली. "तिसरा खड्डा, खलफल्ला यांनी पुरा केला. जागा कोरी नाही." दाजींनी आपलं नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं. पण मुकादम हा शब्द त्या ओळीत नव्हता. माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं असणार.

हंगामाचा शेवटचा दिवस. आवरासावर झाली होती. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची माती टाकायला नवी जागा लागेल. आजच ठरवू." मग त्या चालत गेल्या, पाच आठवडे वाळूत रोवलेली काठी उपटली, झग्याला पुसली आणि दाजींच्या हातात दिली. "मुकादम, जागा बघा."

दाजींनी उत्तरेकडची जागा निवडली. पहिला खड्डा, कातळ. दुसरा खड्डा, कातळ. तिसऱ्यात ऊन कलायला लागलं. मी दोघांची बोचकी घेऊन काठावर गेलो.

"दाजी, गाडी चुकेल."

"चुकू दे," खालून आवाज आला.

"सत्तूता दारात उभी असेल."

"तिनंच सांगितलंय."

मी बोचकी खाली ठेवली आणि त्यांच्यावरच बसलो. दसूकी कांदा आणि पाव घेऊन आला, अर्धा मला दिला. कुदळीचा आवाज येत राहिला. गाडीची वेळ झाली, गेली. मग ठण्ण असा आवाज आला, आणि कुदळ थांबली.

"बखीत, झेल!"

एक वहाण वर आली, मग दुसरी. मी दोन्ही झेलल्या.

"पायाखाली कातळ!"

डॉक्टरबाई काठापासून चांगल्या दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन वाकूनसुद्धा पाहिलं नाही. वही उघडली आणि लिहिलं.